बिनखिळ्याच्या चपला

अंजनगाव सुर्जी
२४ जून २०२४

प्रियदर्शनीताईंना सप्रेम जय गुरू.

फोन सोडून पत्र काहून, असं तुमाले वाटंन. माहा फोन घरात सगळ्यायच्या हातात असते. नातू त्याच्यावर खेळते, अन् पोरगी आली की ती त्यातलं सगळं उघडून नीट करून देते. म्हणून लिहून राहिलो.

माही पोरगी आचल अकोल्याच्या कॉलेजात तुमच्याच कामाचं शिकते, हे मी तुमाले कधी सांगितलं नाही. पायाचे पट्टे, बूट, चपला, तेच. तिनं हा कोर्स धरला तेव्हा माह्या मनात धस्स झालं होतं. पण नको म्हणाचं कारण सांगता येत नव्हतं. आता शेवटचं वर्ष आहे. कॉलेज पोरायले सहा महिने दवाखान्यात शिकाले पाठवते. काल तिचा फोन आला, अमरावती भेटली म्हणे. दवाखान्याचं नाव विचारलं तं तुमचाच.

तुमाले माहं सगळं ठाऊक आहे. तीस वर्षांखाली तो आजार झाला, गोळ्या खाल्ल्या, बरा झालो. पाय मेले ते मेलेच. घरी शुगर आहे म्हणून सांगितलं. माही बायको आशाबाई तेव्हापासून माहा चहा वेगळा ठेवते, बिनसाखरेचा. करंगळी वाकडी झाली ती थ्रेशरमध्ये सापडली म्हणून सांगितलं. वर्षातून दोन खेपा मोझरीच्या आश्रमात जातो म्हणून घरून निघतो. मोझरीले जातोही, पण आधी तुमच्या दारात उतरतो.

तुमच्याकडच्या फाईलवर माहं नाव आहे. फळीवर माह्या पायाचा साचा आहे. तो तिच्या नजरेत येऊ देऊ नका, एवढंच मागतो. ती तिथं असेपर्यंत मी येणार नाही.

उत्तर घरी पाठवू नका. सूर्यभान बोबडे, कृषी केंद्र, बाजार ओळ, असा पत्ता घाला. सूर्यभान माहा लहानपणचा सोबती आहे. पत्र फोडणार नाही.

आपला,
भगवंत खारोडे


अमरावती
२ जुलै २०२४

भगवंतभाऊ, सप्रेम जयभीम.

आचल काल रुजू झाली. आडनाव वाचूनही मी चेहऱ्यावर काही येऊ दिलं नाही. तुमची फाईल माझ्या कपाटात कुलपात आहे. साच्यावर नाव नव्हतंच, फक्त नंबर आहे. इथं येणारा माणूस कोण, हे बाहेर सांगायचं नाही, हा आमचा पहिल्यापासूनचा नियम आहे. तो मी तुमच्यासाठी नव्यानं पाळत नाही, त्यामुळे ओझं वाटून घेऊ नका.

पण तुम्ही येणारच नाही, हे मला मान्य नाही. गेल्या खेपेलाच तुमच्या चपलेचं रबर दबलं होतं. कुष्ठरोग केव्हाच बरा झाला, पण काटा रुतला तरी तुमच्या पायाला कळत नाही. ती चप्पलच तुमची कातडी आहे. मंगळवारी आमच्याकडे शुगरचे रोगी येतात. घरी शुगर सांगितलीच आहे, तर त्या दिवशी या. आचलनं पाहिलं तरी शंका येणार नाही. नाहीतर रविवारी या, मुलं सुट्टीवर असतात. मी दार उघडून देईन.

प्रियदर्शनी तायडे


अंजनगाव सुर्जी
१५ जुलै २०२४

ताई,

शुगरच्या दिवशी येणं होत नाही. मागच्या खेपेस पोरगी शुगर पाहाची मशीन घेऊन आली अन् माहं बोट टोचाले बसली. मी पानमळ्यात पाणी सोडाचं निमित्त करून निघून गेलो, ते ती बसमध्ये बसल्यावर घरी आलो. रविवारी ती घरी असते. त्या दिवशी मीच नसलो तं विचारंन.

चप्पल चालून राहिली. माही काळजी करू नका.

तिचं कसं चालू आहे ते लिहा. घरी ती कामाचं काही बोलत नाही. हाताले बरी आहे काय? माणसाशी कशी वागते?

भगवंत


अमरावती
२ ऑगस्ट २०२४

भगवंतभाऊ,

तुम्ही बाप म्हणून विचारलंत, मी शिकवणारी म्हणून उत्तर देते.

हाताला फार चांगली आहे. चामडं कापताना तिची कात्री कुठं अडत नाही. माप घेताना रोग्याला उभा करून, बसवून, चालवून तिन्ही वेळा पाय पाहते. हे मी सांगितलेलं नव्हतं.

पण खरं लिहायचं तर पहिला आठवडा मी तिच्यावर नाराज होते. शुगरच्या रोग्यांपाशी ती ठीक असे. कुष्ठरोगाच्या विभागात आली की दोन-दोन हातमोजे घालायची, एकावर एक. जखम नसलेल्या, बऱ्या झालेल्या माणसाच्या पायाला एकही लागत नाही. तिच्यासोबतचा रोहित सहज हात लावत होता. मी तिला बाजूला घेऊन विचारलं. म्हणाली, "मॅडम, मले माहीत आहे लागत नाही. पण हात पुढं होत नाही."

ती खोटं बोलली नाही, हे मला आवडलं. मी रागावले नाही. नांदगाव पेठचे डोमाजी म्हणून एक म्हातारे आमच्याकडे येतात, त्यांचे पाय मी तिच्याकडे दिले. पाय भिजवायचे, पुसायचे, तेल लावायचं, मग माप. वेळ लागेल. बहुतेकांना लागतो. मलाही लागला होता.

तुम्ही मात्र येण्याचं पाहा.

प्रियदर्शनी


अंजनगाव सुर्जी
२० ऑगस्ट २०२४

ताई,

पत्र सूर्यभानच्या दुकानातच वाचलं, खताच्या पोत्यावर बसून. दोन हातमोजे, तिथंच डोळे थांबले. पुढचं वाचलं, पण डोक्यात गेलं नाही.

तिची चूक नाही. ती चालाले शिकली ते माह्या पावलांवर उभी राहून. मी तिचे दोन्ही हात धराचो अन् अंगणभर फिरवाचो. मले तिचं वजन पायाले कळत नव्हतं. खाली पाहून समजाचं, हां, आहे उभी. आता त्याच पायाले ती दोन हातमोजे घालून हात लावंन, हे मले पाहाचं नाही.

दुसरं असं की तिच्यासाठी स्थळ आलं आहे. पोरगा विपुल, माणसं अकोल्याची. नांदगाव पेठेत कापडाच्या कारखान्यात इंजिनीअर आहे. तिले पसंत आहे. एक शब्द इकडचा तिकडे झाला तं सगळं मोडंन. आता तं मी येतच नाही.

चपलेचा तळ सुटला होता. इथल्या मोच्याकडून टायरचा तळ ठोकून घेतला. मजबूत झाली.

भगवंत


अमरावती
९ सप्टेंबर २०२४

भगवंतभाऊ,

ठोकून घेतला म्हणजे खिळे मारले ना? ती चप्पल हे पत्र वाचताच टाकून द्या. आम्ही तुमच्या चपलेला एकही खिळा लावत नाही, फक्त डिंक आणि टाके, ते याचसाठी. तळ झिजला की खिळा वर येतो आणि तुम्हाला कळणार नाही.

आता हातमोज्यांचं. मागचं पत्र तुम्ही अर्धवट वाचलंत, हे नीट वाचा. डोमाजींच्या तिसऱ्या खेपेला आचल हातमोजे न घालता त्यांच्यापुढे बसली. मी काही सांगितलेलं नव्हतं. डोमाजी पाय मागे घ्यायला लागले, तशी म्हणाली, "राहू द्या बाबा, पाणी गरम आहे की नाही ते मले हातानंच कळते." त्या दिवसापासून तिनं हातमोजे जखम असेल तरच घातले.

म्हणून मी एक केलं. तुमच्या नंबरचा साचा तिच्या हाती दिला. कुष्ठरोगाचा जुना रोगी आहे, येऊ शकत नाही, एवढंच सांगितलं. डाव्या अंगठ्याखालचा खळगा तिनं भरला, पुसला, पुन्हा भरला. पट्ट्याचे टाके एका बाजूनं तिरपे गेले, ते उसवून परत घातले. साचा हातात फिरवून म्हणाली, हा माणूस ढेकळांतून चालणारा आहे, याला कड उंच पाहिजे. इतकी चांगली जोडी गेल्या कित्येक वर्षांत माझ्या विद्यार्थ्यांच्या हातून झाली नव्हती.

एसटीच्या पार्सलनं सूर्यभानभाऊंच्या दुकानी पाठवते आहे. तुमच्या मुलीनं तुमच्यासाठी केलेली आहे. तिला ते माहीत नाही. तुम्हाला माहीत असावं, असं वाटलं.

प्रियदर्शनी


अंजनगाव सुर्जी
२८ सप्टेंबर २०२४

ताई,

पार्सल भेटलं. दुकानाचं शटर अर्धं ओढून सूर्यभाननं अन् मी उघडलं. एकेका टाक्यावरून बोट फिरवलं. बोटाले अजून थोडं कळते.

बरोबर बसल्या पायात. जपून आहेत. पोरीले तुमी घडवली, तुमचे उपकार.

साखरपुडा सतरा नोव्हेंबरले ठरला, आमच्या इथंच. तुमाले बोलावता येत नाही, राग मानू नका.

भगवंत


अंजनगाव सुर्जी
३ नोव्हेंबर २०२४

आदरणीय प्रियदर्शनी मॅडम,

रोग्याचा फॉर्म भरण्याआधी त्याच्याबद्दल तुम्हाला एक पत्र लिहायचं, असा तुमचा दंडक आहे. या वेळचा रोगी तुमच्या दवाखान्यातला नाही. माझे बाबा आहेत. घर पाहुण्यांनी भरलं आहे, फोनवर हे बोलता येत नाही.

लक्ष्मीपूजन झाल्यावर अंगणात नितेशदादाचा मुलगा फुलबाज्या पेटवत होता. माझ्या भावाचा हा एकच, त्यामुळे सगळे भोवती उभे. पूजेमुळे बाबा अनवाणी होते. विझलेल्या फुलबाजीची तार जमिनीवर पडली होती, अजून लाल होती. बाबांचा पाय तिच्यावर पडला. तार तळव्याला चिकटली आणि ते तसेच चालत राहिले. मी ओरडले. मॅडम, त्यांनी आधी खाली पाहिलं, आणि मग तोंड वाकडं केलं. उलटं व्हायला पाहिजे होतं.

मी पाणी घेऊन धावले तर पाय दाखवेनात. उजव्या पायाला आधीच एक कापड बांधलेलं होतं. त्याचा वास मला ओळखीचा वाटला. म्हणाले, शेतात खडा लागला, चार दिवसात जाईल. आई म्हणाली, शुगरमुळे यांची जखम लवकर भरत नाही.

शुगरनं पाय बधिर होतो, हे मीही शिकले आहे. पण त्यांच्या शुगरची एकही चिठ्ठी घरात नाही. मी विचारलं की मोझरीच्या कुठल्या वैद्याचं नाव सांगतात. घरात ते खिळ्यांची जुनी चप्पल घालतात. मी टाकून द्या म्हटलं तर उचलून गोठ्यात ठेवली. आणि मॅडम, त्यांची करंगळी. ती थ्रेशरमध्ये सापडली, असं मी लहानपणापासून ऐकलं. त्या बोटावर वण नाही. डोमाजींची करंगळी अशीच आहे.

मला जे वाटतं ते लिहवत नाही. साखरपुडा चौदा दिवसांवर आहे. मी काय करू?

तुमची विद्यार्थिनी,
आचल


अमरावती
६ नोव्हेंबर २०२४

आचल,

जखम कशामुळे झाली, हे शोधत बसू नकोस. उघडी जखम आहे, वास आहे, पाय बधिर आहे. एवढं पुरे. त्यांना लगेच सर्जनकडे ने. साखरपुडा पुढं ढकलावा लागला तर ढकला.

तुला जे वाटतं, ते त्यांनाच विचार. मला विचारू नकोस.

प्रियदर्शनी तायडे


अमरावती
६ नोव्हेंबर २०२४

भगवंतभाऊ,

आचलचं पत्र आलं आहे. तिनं तुमचा पाय पाहिला नाही, पण तुमचं चालणं पाहिलं, आणि मी तिला चालणं वाचायलाच शिकवलं आहे. घरात तुम्ही अजून खिळ्यांची चप्पल घालता, असं ती लिहिते. मग नव्या चपला कुठं आहेत?

तिच्या एका पत्राला मी आज खोटं न बोलता उत्तर दिलं. दुसऱ्याला जमणार नाही. मला दिलेल्या शब्दातून मोकळं करा, किंवा तुम्हीच तिला सांगा. आणि ते जमत नसेल तर कुणालाच काही सांगू नका, पण उद्याच्या पहिल्या गाडीनं माझ्याकडे या. पाय आधी.

प्रियदर्शनी


अंजनगाव सुर्जी
११ नोव्हेंबर २०२४

ताई,

तुमच्यापाशी खोटं बोललो. नव्या चपला मी पायात घातल्याच नाहीत. घालणार कशा? तिनं केलेल्या आहेत, तिचे टाके तिले दुरून ओळखू येतीन. माह्या पायात पाहिल्या की एका नजरेत सगळं समजंन. ती नसताना घालाव्या म्हटलं, तं आशाबाई बोलून जाईन. एकदा माळ्यावर एकटाच घालून बसलो होतो, तेवढंच. लोखंडी पेटीत ठेवल्या, मोझरीच्या धोतराखाली.

आचलनं मले सरळ विचारलं. गोठ्यात आली अन् म्हणाली, "बाबा, शुगर नाही ना हे?" मी तिच्यावर हात उगारला. आजवर कधी उगारला नव्हता. ती हलली नाही, मीच खाली घेतला. मग म्हणाली, निदान पाय दाखवा. मी म्हटलं साखरपुडा होऊ दे, मग तू म्हणशीन त्या डॉक्टरकडे येतो.

तुमालेही तेच सांगतो. सतरा तारीख जाऊ द्या. अठराच्या सकाळी तुमच्या दारात उभा राहतो. तोवर मोकळं करत नाही.

जखम रुपयाएवढी आहे. दुखत नाही.

भगवंत


अमरावती
१० डिसेंबर २०२४

मॅडम,

मी तुमच्या दवाखान्यापासून दोन चौक पलीकडे आहे. हे येऊन बोलू शकले असते. येता आलं नाही.

साखरपुड्याला बाबांनी नवे काळे बूट घेतले. अकोल्याची माणसं येणार म्हणून ते सकाळपासून मांडवाच्या तोंडाशी उभे होते. मी दोनदा खुर्ची पाठवली, दोन्ही वेळा पाहुण्याला दिली. अंगठ्या झाल्या. पंगत बसली तेव्हा ते वाढायला उठले आणि थंडी भरल्यासारखे कापायला लागले. विपुलच्या वडिलांनी त्यांना धरलं. बूट मी काढला. मोजा निघेना, कापावा लागला. खिळ्याची जखम हाडापर्यंत गेली होती आणि पाऊल काळं पडलं होतं. मांडवातल्या सगळ्यांनी पाहिलं.

इथं अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात आणलं. सर्जननी पाहिल्याबरोबर सांगितलं की पाय ठेवला तर माणूस जाईल. गुडघ्याखाली कापला. पुढचे कितीतरी दिवस ताप उतरेना, ते शुद्धीत येत-जात होते. आता धोका टळला म्हणतात.

आजाराचं नाव डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं. आई उठली. मग बाबांच्या उशाशी जाऊन एकच विचारलं, "मंग इतके वर्षं चहा बिनसाखरेचा काहून पेला तुमी?" बाबांनी भिंतीकडे तोंड केलं.

दवाखान्याच्या योजनेला आधार कार्ड लागत होतं म्हणून मी घरी गेले आणि माळ्यावरची लोखंडी पेटी उघडली. धोतराखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेली जोडी होती. मी डाव्या चपलेचा पट्टा पाहिला. तिरपे गेलेले टाके मी उसवले होते, त्यांची भोकं अजून दिसतात.

तळ कोरा होता, मॅडम. त्या घालून कुणी एक पाऊलही चाललेलं नव्हतं.

मी माळ्यावर किती वेळ बसले मला माहीत नाही. मला विचारू नकोस, असं तुम्ही लिहिलं होतं. म्हणून आता विचारते. तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं का? माहीत होतं, तर माझ्याच हातून ती जोडी का करवली? आणि माझं दिवाळीचं पत्र आल्यावर तुम्ही स्वतः का नाही आलात?

आचल


अमरावती
१५ डिसेंबर २०२४

आचल,

माहीत होतं. तू यायच्या आधी त्यांचं पत्र आलं होतं. सांगू नका, असं त्यांनी मागितलं आणि मी कबूल केलं. आपल्या दारात येणारा प्रत्येक माणूस याच भरवशावर पायरी चढतो. उद्या असंच कुणी मागितलं तर मी पुन्हा कबूल करीन. हे तुला कठोर वाटेल, पण तुझ्यापासून लपवत नाही.

जोडी तुझ्या हातून करवणं मात्र मला कुणी सांगितलेलं नव्हतं. ते माझ्या मनात आलं. तू चांगली झाली होतीस, त्याचा मला आनंद होता, आणि तो त्यांच्यापर्यंत पोचवावासा वाटला. रोहितनं केली असती, मी केली असती, तर त्यांनी ती घातली असती. हा दोष माझ्याकडे आहे आणि राहील. तुझ्याकडे यातलं काही नाही. तुझं काम चोख होतं.

का आले नाही? त्यांचं शेवटचं पत्र मला चौदा तारखेला मिळालं. मी सूर्यभानभाऊंच्या दुकानी फोन केला. ते म्हणाले, भगवंत गडबडीत आहे, अठराला मीच त्याला गाडीत बसवतो. जखम रुपयाएवढी, असं त्यांनी लिहिलं होतं. बधिर पायाचा माणूस जखमेचं माप सांगतो तेव्हा ते खरं धरायचं नसतं, हे मी तुम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवते. मी ते धरलं आणि थांबले.

परवा मी दवाखान्यात त्यांना भेटायला गेले होते. तू औषध आणायला गेली होतीस. ते जागे होते. मला पाहून डोळे मिटून घेतले. मी थोडा वेळ उभी राहून परत आले.

तुझे उरलेले दिवस कुठं करायचे, ते तू ठरव. तू सांगशील तसं कॉलेजला कळवीन. कारण लिहिणार नाही.

प्रियदर्शनी तायडे


अंजनगाव सुर्जी
२ फेब्रुवारी २०२५

मॅडम,

उरलेले दिवस मी अकोल्यात करते आहे. तुमच्याबद्दल कुणाला काही सांगितलं नाही. राग गेला, असं लिहिणार नाही. कधी वाटतं तुम्ही सांगायला पाहिजे होतं. कधी वाटतं, डोमाजींच्या मुलीनं येऊन मला विचारलं असतं तर मी तरी काय सांगितलं असतं? याचं उत्तर मिळत नाही. तुमच्या दवाखान्यात परत यायला मला वेळ लागेल. कदाचित येणार नाही.

विपुलला मी स्वतः सांगितलं. तो म्हणाला, मला काही अडचण नाही. चार दिवसांनी त्याचे काका येऊन अंगठी आणि साडी परत मागून घेऊन गेले. विपुलचा फोन आला नाही. मीही केला नाही.

वहिनी मुलाला घेऊन माहेरी गेली आहे. डॉक्टरांचा कागद दाखवला, बरा झालेला आजार आहे हे समजावलं. तिचे वडील म्हणाले, कागद खरा आहे, पण पोरगं लहान आहे. नितेशदादा दर रविवारी तिकडे जातो आणि एकटाच परत येतो. बाबांशी तो बोलत नाही. सूर्यभानकाका रोज येतात. आधी येणारे बाकीचे येत नाहीत.

बाबांची कापलेली बाजू भरून आली आहे. कृत्रिम पायाचं माप पुढच्या महिन्यात अकोल्यात घेतील. मी घेणार नाही, दुसऱ्याकडून करून घेणार आहे. तसं तिथल्या सरांना सांगितलं आहे.

दवाखान्यातून घरी आल्यापासून ते माझ्याशी कामापुरतंच बोलतात. पाणी दे, खिडकी लाव. त्या गोठ्यातल्या दिवसाबद्दल आम्ही दोघंही काही बोललो नाही. पण मी शनिवारी घरी आले की ते जेवणाआधी बाजेवर येऊन बसतात आणि उरलेला पाय माझ्याकडे करतात. पहिल्या वेळी मला समजलंच नाही. मग मी खाली बसले, बोटांच्या मधून, टाचेखालून, कडेनं पाहिलं, आणि काही नाही म्हणाले. त्यांनी पाय आत घेतला आणि आईला ताट वाढायला सांगितलं. तेव्हापासून दर शनिवारी तसंच.

काल टाचेला बारीक भेग दिसली. मी सांगितलं. आई पोळ्या करायची थांबली. मग त्यांनी पाय तसाच माझ्या मांडीवर राहू दिला आणि म्हणाले, "खोल आहे काय? मले कळत नाही. तूच सांग."

आचल